कागदावरचा दुष्काळ : गान्सू प्रांत, १७७४ ते १७८१

चीनच्या जुन्या नोकरशाहीचा विषय निघाला की गाडी लगेच परीक्षांवर जाते, ते तीन-तीन दिवस कोठडीत बसून निबंध लिहिणारे उमेदवार, म्हातारपणापर्यंत नापास होणारे वगैरे. ते सगळं खरंच आहे, पण साहेब एकदा खुर्चीत बसला की तो नक्की काय करतो, वरचा त्याच्याकडून काय मागतो, खालचा त्याच्यापुढे का झुकतो, हे परीक्षांवरून काहीच कळत नाही. त्यासाठी मला गान्सूचं प्रकरण सगळ्यात भारी वाटतं. सात वर्षं एका अख्ख्या प्रांताचे अधिकारी मिळून दुष्काळ छापत होते, आणि सापडले ते कुठल्या ऑडिटमधे नाही, तर पावसामुळे.

आधी जागा समजून घेऊ. गान्सू म्हणजे चीनचा वायव्य कोपरा, कोरडा, गरीब, पण मोक्याचा, कारण शिनच्यांगकडे जाणारा रस्ता इथूनच जातो. छिंग राजवटीने १७५९ पर्यंत शिनच्यांग जिंकून घेतलं होतं आणि तिकडच्या फौजेचा, अधिकाऱ्यांचा, सामानाचा भार या प्रांतावर पडायचा. पीक कधीही दगा देणार, त्यामुळे सरकारी कोठारात धान्य असणं ही गरज होती, चैन नाही. यातून एक स्कीम आली. कोणी गहू किंवा डाळ-कडधान्य सरकारी कोठारात जमा केलं तर त्याला बदल्यात ‘च्यानशेंग’ ही पदवी मिळायची, म्हणजे कागदोपत्री राजधानीतल्या शाही विद्यापीठाचा विद्यार्थी. तिथे जाऊन शिकायची गरज नव्हती. पण या पदवीवर खालच्या परीक्षा न देता थेट प्रांताच्या परीक्षेला बसता यायचं, वेठबिगारीतून सूट मिळायची आणि गावात मान वाढायचा, त्यामुळे व्यापारी आणि खाऊनपिऊन सुखी घरं आपल्या पोरांसाठी ती विकत घ्यायची. सरकारला धान्य, यांना प्रतिष्ठा. गान्सूत ही स्कीम गैरव्यवहार होतात म्हणून १७६६ मधे बंद केली होती.

१७७४ मधे तिथला गव्हर्नर जनरल लर्जिन याने परत अर्ज केला की कोठारं रिकामी आहेत, स्कीम चालू करू द्या. बीजिंगमधे यू मिनचुंग हा त्या काळचा फार वजनदार मंत्री, त्याने पाठिंबा दिला. च्येनलुंग बादशहाने मंजुरी दिली, अट एकच, फक्त धान्य घ्यायचं, चांदी अजिबात नाही. आणि कामावर देखरेखीला म्हणून मुद्दाम झेजियांगमधून एक हुशार माणूस उचलून गान्सूचा प्रांतिक खजिनदार नेमला, वांग दानवांग. याने पूर्वी गान्सूतल्या शानदान आणि काओलान या तालुक्यांत मामलेदारी केलेली, म्हणजे प्रांताची नस न् नस माहीत. त्याचा बाप वांग शी हा च्यांगसूचा गव्हर्नर राहिलेला, नाव चांगलं. वांग स्वतः प्रांताची परीक्षा पास होता, पण पहिली मामलेदारी त्याने पैसे भरूनच घेतली होती. त्या काळात ते कायदेशीर होतं, उघड दरपत्रक असायचं, त्यामुळे यात कोणाला काही वावगं वाटलं नसणार.

खजिनदार हे पद नावावरून वाटतं तसं नुसतं तिजोरीचं नाही हं. प्रांतातला महसूल त्याच्याकडे, आणि खालच्या मामलेदारांच्या नेमणुका, बदल्या, शेरे यातही त्याचाच शब्द. त्यात नियम असा की अधिकाऱ्याला स्वतःच्या प्रांतात पोस्टिंग नाही, म्हणजे गान्सूतला प्रत्येक मामलेदार बाहेरचा, तिथे त्याचं नातंगोतं नाही, जमीन नाही, आधार कोण तर वरचा साहेब. पगार म्हणाल तर तालुक्याच्या मामलेदाराला वर्षाला ४५ तायेल चांदी (तायेल हे चांदी-सोनं तोलायचं वजन), त्यावर ‘सचोटी टिकवण्याचा भत्ता’ म्हणून काही शे ते हजारभर तायेल, आणि त्यातून स्वतःच्या खाजगी कारकुनांचे पगार, कायदा सांगणारा सल्लागार, वरच्यांच्या वाढदिवसाच्या भेटी, सगळं भागवायचं. ही रचना डोक्यात ठेवली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

वांगने सहा महिन्यांत रिपोर्ट पाठवला. १९ हजारांवर लोकांनी पदव्या घेतल्या, ८ लाखांहून जास्त शी धान्य जमा (शी हे मापाचं एकक, साधारण शंभर लिटर धरा).

आता च्येनलुंगला कोणी वेडा समजू नये, त्याने हा आकडा वाचला आणि लगेच चार प्रश्न काढले. गान्सू इतकं गरीब, तिथे वीस हजार लोक पदवी विकत घेणारे आले कुठून? बाहेरच्या प्रांतातले आले म्हणावं तर राजधानीतही पदवी मिळते, मग ते इतक्या लांब धान्य घेऊन कशाला येतील? सहा महिन्यांत ८ लाख तर वर्षाला किती, आणि दरवर्षी भर पडत गेली तर ठेवणार कुठे, सडणार नाही का? आणि हे धान्य वसंतात परत लोकांनाच कर्जाऊ वाटणार असाल तर मुळात ते लोकांकडून काढून कोठारात भरायचा खटाटोप कशाला? अगदी नेमके प्रश्न, यातला कोणताही एक नीट धरून लावला असता तर केस तिथेच संपली असती.

लर्जिनने उत्तर दिलं की शिनच्यांग ताब्यात आल्यापासून व्यापाऱ्यांची ये-जा वाढलीय, पैसा खेळतोय, तिकडून परत येणारे व्यापारी वाटेत गान्सूत धान्य विकत घेऊन भरतात. ऐकायला पटण्यासारखं. बादशहाने साधारण असं लिहून विषय संपवला की बरं, तुम्ही जबाबदारी घेतलीय तर नीट करा. त्या वेळी त्याचं लक्ष सिचुआनच्या डोंगरातल्या चिन्छ्वानच्या लढाईकडे होतं, ती पैसा खात होती, आणि एखादा प्रांत म्हणत असेल की आमची कोठारं आम्ही भरतोय, केंद्राचा एक पैसा नको, तर त्याच्या अंगावर कोण जाणार. हे कारण मी देतोय, माफी नाही. माझ्या मते या प्रकरणातला पहिला आरोपी तोच आहे, कारण शंका येऊन सोडून देणं हे शंका न येण्यापेक्षा वाईट.

प्रत्यक्षात चाललं होतं असं. धान्याचा एक दाणा कोठारात येत नव्हता. पूर्वी अर्ज तालुक्या-तालुक्यात घेत, वांगने ते सगळं लानचौ या प्रांताच्या राजधानीत आणलं आणि तिथला जिल्हाधिकारी च्यांग छ्वानती याच्या हातात दिलं. पदवी हवी? ५५ तायेल चांदी आणा, पावतीवर मात्र धान्याचं माप. चांदी लानचौला, आणि कागदावर धान्य अमुक तालुक्याच्या कोठारात जमा.

पण मग अडचण बघा. कागदावर कोठारं भरत चाललीत आणि प्रत्यक्षात रिकामी आहेत, कधीतरी कोणीतरी दार उघडणार. तर कागदावरचं धान्य कागदावरच संपवायला हवं, आणि सरकारी कोठारातलं धान्य फुकट वाटून टाकायला कायद्यात एकच सोपी वाट, ती म्हणजे दुष्काळ. म्हणून गान्सूत दरवर्षी दुष्काळ पडायला लागला. पाऊस आला तरी.

छिंग काळात आपल्या आणेवारीसारखीच पद्धत होती, पिकाचं नुकसान दहापैकी किती भाग झालं ते ठरवायचं आणि त्यावरून माफी किती, मदत किती, किती महिने, हे सगळं ठरलेलं. नियमाने मामलेदाराने शेतावर जाऊन बघायचं, वरून एक अधिकारी येऊन खातरी करणार, वाटपाच्या वेळी तिसरा हजर राहून सही करणार. गान्सूत हे उलटं झालं. कोणत्या तालुक्यात किती भाग नुकसान झालं हे लानचौत बसून च्यांग छ्वानती ठरवायचा, तसा निरोप जायचा आणि मामलेदार त्या आकड्याला बसतील असे कागद तयार करायचे, पाहणीच्या आणि वाटपाच्या सह्या नंतर सावकाश. ज्याच्यावर खजिनदाराची मर्जी त्याच्या तालुक्यात दुष्काळ जास्त कडक. मग ती ‘वाटलेली’ चांदी वाटून घ्यायची, मामलेदाराचा वाटा मामलेदाराला, त्यातलाच काही भाग भेट म्हणून परत वर. हे म्हणजे सगळ्या वर्गाने मास्तरसकट मिळून कॉपी करण्यासारखं, पकडणार कोण.

आणि एखाद्या मामलेदाराला नको असतं तर? माझ्या मते हा खरा अवघड प्रश्न आहे. त्याने आपल्या तालुक्यात यंदा पीक बरं आलंय असं लिहिलं असतं तर शेजारच्या पाच तालुक्यांचे कागद खोटे पडले असते, म्हणजे तो सगळ्यांचा शत्रू, आणि त्याचा वार्षिक शेरा लिहिणारा तोच वांग. वर तक्रार करायची तर थेट बादशहाला सीलबंद पत्र लिहायचा हक्क मामलेदाराला नव्हता, तो वरच्या मोजक्या अधिकाऱ्यांनाच. म्हणजे ज्यांना सगळं माहीत त्यांना बोलायला तोंड नाही, ज्यांना तोंड आहे ते वाटेकरी. त्यामुळे शंभराहून जास्त अधिकारी सापडले याचं मला आश्चर्य वाटत नाही.

वर कळस म्हणजे यांनी बीजिंगला कळवलं की धान्य इतकं आलंय की ठेवायला जागा नाही, नवीन कोठारं बांधायला पैसे मंजूर करा. २६ कोठारं, साधारण १ लाख ६० हजार तायेल, मंजूरही झाले. नसलेल्या धान्यासाठी कोठारं! हे वाचून मी खरंच हसलो होतो.

तपासणी झालीच नाही असंही नाही. न्यायखात्याचा मंत्री युआन शौतुंग याला मुद्दाम गान्सूला पाठवलं, कोठारं उघडून बघ म्हणून. तो गेला, बघितलं, परत येऊन सांगितलं की साठा बरोबर आहे. नंतर सगळं बाहेर आल्यावर बादशहाने चिडून लिहिलं की माप घेणारे शिपाई फोडलेले असणार, खाली फळ्या टाकून किंवा भुसा-माती भरून वरून धान्याचा थर पसरला असणार. मंत्री लेव्हलचा माणूस शेकडो कोस प्रवास करून जातो, त्याच्या स्वागताला तेच लोक, त्याला कोठार दाखवणारे तेच, मोजणारे तेच. तो थरात हात घालून बघणार आहे का?

दरम्यान वांगचं भलं झालं. कोठारं भरणारा कर्तबगार अधिकारी म्हणून १७७७ मधे त्याला झेजियांगची गव्हर्नरी मिळाली, श्रीमंत प्रांत, हांगचौसारखं शहर. गान्सूत त्याच्या जागी वांग तिंगत्सान आला आणि त्याने मशीन बंद न करता तसंच चालू ठेवलं.

मग आलं १७८१ साल. गान्सूच्या श्युनह्वा भागात सालार मुसलमानांमधे जुना पंथ आणि नवा पंथ असा वाद पेटला, सरकारने त्यात बाजू घेतली, आणि सू सिशिसान नावाच्या पुढाऱ्याखाली उठाव होऊन बंडखोर थेट लानचौच्या तटापर्यंत आले. बीजिंगमधून फौज निघाली, सेनापती आग्वेई आणि बादशहाचा लाडका हशन. पुढे पोचलेल्या हशनने रिपोर्ट पाठवला, त्यात ओघात एक वाक्य की इथे पाऊस लागलाय. नंतर आग्वेईनेही तेच, धो धो पाऊस, कामं अडली.

सत्तर वर्षांचा च्येनलुंग ते वाचून थबकला. गान्सू? पाऊस? दरवर्षी तर हे लोक दुष्काळ म्हणून रडतात, आणि यंदाच नेमका पाऊस कसा? उठावाच्या पत्रात कोणी खोटं हवामान लिहायची तसदी घेतली नव्हती, कारण हशनला आणि आग्वेईला गान्सूच्या धान्याशी देणंघेणंच नव्हतं. वर्षानुवर्षं वर येणारा प्रत्येक कागद एकाच साखळीतून यायचा, हा पहिला कागद बाहेरच्या माणसाच्या हातचा.

त्यातच वांग तिंगत्सानने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. फौजेच्या खर्चाला हातभार म्हणून, निष्ठा दाखवायला, त्याने स्वतःच्या खिशातले ४० हजार तायेल देऊ केले. बादशहाने सरळ हिशेब केला की याचा भत्ता किती, हा इतका पैसा आणतो कुठून. मग आठवलं की झेजियांगमधे वांग दानवांगनेही समुद्राच्या बांधाच्या कामाला ५ लाख तायेल देऊ केले होते. दोघेही गान्सूचे खजिनदार. आग्वेईला हुकूम गेला, पदव्यांच्या हिशेबाची चौकशी कर. त्याच्या जोडीला नेमला ली शियाओ. हा ली शियाओ आदल्याच वर्षी युन्नानमधल्या भ्रष्टाचारात मृत्युदंडाच्या शिक्षेपर्यंत पोचलेला, तुरुंगातून काढून परत कामावर घेतलेला. बादशहाला वाटलं असेल की काट्याने काटा काढावा, किंवा दुसरं कोणी हाताशी नसेल.

उलटतपासणीतला एक भाग मला फार आवडतो. वांग तिंगत्सानने बचाव केला की लोकांना धान्य वाहून आणायला जड जातं म्हणून आम्ही ५५ तायेल चांदी घेत होतो आणि त्यातून तालुक्यांना धान्य खरेदी करायला लावत होतो, कोठारात धान्य आहे. च्येनलुंगचा प्रतिप्रश्न : ५५ तायेलमधे ठरलेलं सगळं धान्य येत असेल तर गान्सूत धान्य स्वस्त आहे, म्हणजे पीक चांगलं आहे, मग दरवर्षी दुष्काळ कसला? आणि दुष्काळ खरा असेल तर धान्य महाग, मग ५५ तायेलमधे आलं कसं? दोन्हीपैकी एक सांग. याला उत्तर नाही. आणि खरं म्हणजे हा प्रश्न विचारायला १७८१ उजाडायची गरज नव्हती, सगळी माहिती १७७४ पासून त्याच्याच दप्तरात पडून होती.

एकदा पहिला बोलला तसे सगळे बोलले. हिशेब लागला तो असा, सात वर्षांत सुमारे २ लाख ७४ हजार पदव्या विकल्या, ५५ च्या दराने १ कोटी ५० लाखांहून जास्त तायेल जमा, आणि मदतीच्या नावाखाली खाल्लेली रक्कम २९ लाखांच्या घरात. बादशहाने याला आजवर न घडलेला विचित्र भ्रष्टाचार म्हटलं. त्याहून जास्त तो कशावर भडकला तर सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच लिहिलं नाही यावर. खरंच आहे, शेजारच्या शान्शीचा गव्हर्नर बी युआन याने गव्हर्नर जनरलचं काम हंगामी म्हणून पाहिलं होतं, त्यालाही पत्ता नव्हता? छ्येन फंग नावाच्या एका देखरेख अधिकाऱ्याने नेमकं हेच विचारलं, आणि बी युआनचा दर्जा खाली आणला गेला. यू मिनचुंग तोवर मेला होता, पुढे १७८६ मधे सन्माननीय मंत्र्यांच्या मंदिरातून त्याची पाटी काढून टाकली.

शिक्षेचा प्रश्न मजेदार झाला. कायद्याप्रमाणे सरकारी पैशातले हजार तायेल खाल्ले की मृत्युदंडाचं कलम लागायचं. ते जसंच्या तसं लावलं असतं तर गान्सूत मामलेदार म्हणून कोणी उरलंच नसतं. म्हणून बादशहाने पट्टी वर सरकवली : २० हजारांच्या वर खाणाऱ्यांचा तात्काळ शिरच्छेद, १० ते २० हजारवाल्यांना मृत्युदंड पण अंमलबजावणी शरदातल्या फेरतपासणीनंतर, त्याखालच्यांचा वेगळा विचार. वांग दानवांग आणि च्यांग छ्वानती यांची मुंडकी उडाली, वांग तिंगत्सानला गळफास, लर्जिनला स्वतःचा जीव घ्यायची ‘सवलत’. सगळे मिळून पन्नासच्या वर लोक मारले गेले, बाकीचे कितीतरी हद्दपार. म्हणजे इतकी कत्तल होऊनसुद्धा ही सूटच होती, कायद्यापेक्षा वीसपट.

इथे संपलं असं वाटतं, पण नाही. वांग दानवांगची हांगचौची मालमत्ता जप्त करायचं काम तिथला गव्हर्नर जनरल छेन ह्वीत्सू याच्याकडे होतं, ज्याचा स्वतःचा भाऊ गान्सूत मामलेदार म्हणून याच प्रकरणात अडकला होता. माल बीजिंगला पोचला, बादशहाने पाहिला, आणि त्याला वाटलं की वांगसारख्या शौकीन माणसाकडे एवढंच? मग झेजियांगचा नवा खजिनदार शंगचू याने दोन याद्या शेजारी ठेवल्या. पहिल्या यादीत ४,७४८ तायेल वजनाचं सोनं. राजधानीला पाठवलेल्या यादीत सोनं शून्य, त्याऐवजी ७३,५९४ तायेल चांदी. साडेपंधराच्या दराने बरोब्बर बसतं, गणित करून बघा. सोन्याऐवजी चांदी ठेवली आणि हिशेब जुळवून दिला, शिवाय चित्रं आणि जेडच्या वस्तूही बदलल्या. भाऊ गेला, डोळ्यासमोर पन्नास लोक मेले, त्याच केसचा जप्तीचा माल हा माणूस हलवत होता! १७८३ मधे त्यालाही आत्महत्येचा हुकूम गेला. काही लोक म्हणतात की कडक शिक्षा झाली की बाकीचे घाबरतात, त्यांनी छेनचा विचार करावा, त्याच्या इतकी जवळून शिक्षा कोणी पाहिली नसेल.

वांगच्या मुलांना शिनच्यांगमधल्या इलीला हद्दपार केलं, लहान होती ती न्यायखात्याच्या कोठडीत ठेवून बारा वर्षांची झाली की एकेक करून तिकडे धाडायची, असा हुकूम. तेरा वर्षांनी, १७९४ मधे, दरबारी इतिहास लिहिणाऱ्या कचेरीने आजोबा वांग शी याचं चरित्र तपासायला म्हणून बादशहापुढे ठेवलं. च्येनलुंगने वाचलं, म्हातारा चांगला अधिकारी होता हे त्याला पटलं, आणि नातवंडांना परत आणायचा हुकूम निघाला.